देवनागरी याद्यांसाठी वर्कफ्लोई: फॉन्ट, ओळींमधलं अंतर आणि रंग

सोऱ्या

नमस्कार मंडळी. यादी मराठीत असेल तर ती स्क्रीनवर नीट वाचता यावी म्हणून काय काय करता येतं, एवढ्याच विषयावर हा धागा काढतेय. 'तुमचं आवडतं ॲप कुठलं' यावर इथे आधीच भरपूर धागे आहेत.

आम्ही चौघीजणी मिळून ठाण्यात दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतो. सगळा हिशोब वर्कफ्लोईत असतो. ज्यांनी वापरलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: २०१० साली सुरू झालेलं हे वेबवरचं यादीचं ॲप. एकच लांबलचक यादी, प्रत्येक ओळीच्या पोटात हव्या तितक्या ओळी, आणि बुलेटवर टिचकी मारली की तेवढाच भाग पडदाभर उघडतो. आमच्याकडे गिऱ्हाइकाचं नाव, त्याच्या पोटात पदार्थ आणि वजन, खाली टिपेत पत्ता आणि डिलिव्हरीची वेळ. काम झालं की ओळ खोडायची.

लॅपटॉप असतो भिंतीवरच्या फळीवर. आम्ही गॅससमोर, हात पिठाचे. म्हणजे वाचायचं ते हातभर लांबून आणि मान वळवून, आणि चुकीचं वाचलं तर माल वाया. ॲपमध्ये तयार थीम आहेत, गडद पार्श्वभूमीची पण आहे. पण अशा वापरासाठी ओळींचं अंतर, फॉन्ट, रंग आपल्या हिशोबाने ठरवावे लागतात. मी ते स्टायलस नावाच्या एक्स्टेंशनने, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामने केलं.

सगळ्यात जास्त फरक कशाने पडला तर ओळीच्या उंचीने. फॉन्टने नाही! रोमन अक्षरांना अक्षराच्या आकाराच्या १.३, १.४ पट उंची पुरते. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, त्यावर अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षराचा लटकणारा पाय. 'गुळाच्या शंकरपाळ्या' ही ओळ आणि तिच्या खाली 'अर्ध्या किलोची' ही ओळ जवळजवळ आल्या की वरच्या ओळीचे पाय आणि खालच्या ओळीची डोकी एकमेकांत जातात. मी १.७ ठेवलंय. हा आकडा नुसता लिहायचा, पुढे पिक्सेल लावायचं नाही. नुसता आकडा दिला की अक्षर मोठं केल्यावर अंतरही त्याच प्रमाणात वाढतं. पिक्सेलमध्ये दिलं की अंतर तिथेच राहतं आणि मोठी अक्षरं एकमेकांवर चढतात.

मग फॉन्ट. मी मुक्ता लावला. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा, मोफत, सात वजनांत (म्हणजे रेघेच्या जाडीत) मिळतो. त्यातलं मध्यम वजन घेतलं, कारण लांबून वाचताना बारीक रेघ हरवते. आकार २० पिक्सेल.

आणि खोडलेल्या ओळी. यावर मला जरा जास्त बोलायचंय. काम झालेल्या ओळीवर आडवी रेघ येते. रोमनमध्ये ते ठीक दिसतं. आपल्या अक्षराला आधीच डोक्यावर एक आडवी रेघ आहे. तिच्या खाली थोड्याच अंतरावर दुसरी रेघ ओढली की अक्षराचं पोटच झाकलं जातं. 'चिरोटे' आहे की 'चिवडा' हे लांबून कळत नाही. आणि आम्हाला खोडलेली ओळसुद्धा वाचायची असते, कारण पॅकिंग करताना ताळा तिच्यावरूनच घेतो. म्हणून मी ती रेघच काढून टाकली आणि झालेल्या ओळीचा रंग करडा केला, त्याचा कोड #७६७६७६. पांढऱ्यावर हा करडा वाचता येतो, आणि काळ्या ओळींपेक्षा मागेही राहतो.

तुमच्यापैकी कुणी असं काही केलं असेल तर सविस्तर लिहा.

रानजाई

ताई, फार उपयोगी. मला कोडिंगमधलं ओ की ठो कळत नाही. हे स्टायलस नेमकं कुठे असतं आणि त्यात काय लिहायचं ते कुणी पायरीपायरीने सांगेल का? माझी यादी साधीच आहे, महिन्याचं वाणसामान आणि सासूबाईंची औषधं. पण त्याही बघतात, आणि त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय अजून.

सोऱ्या

रानजाई, सांगते. फॉन्ट आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. गूगल फॉन्ट्सवर मुक्ता शोधा, डाउनलोड करा, झिप उघडा, फाइलवर डबल क्लिक करून इन्स्टॉल करा. मग क्रोम किंवा फायरफॉक्सच्या एक्स्टेंशनच्या दुकानात स्टायलस शोधून बसवा. यादीचं पान उघडं ठेवून वर कोपऱ्यातल्या स्टायलसच्या चिन्हावर टिचकी मारली की त्याच साइटसाठी नवी स्टाइल लिहायचा पर्याय येतो. तिथे एक रिकामी पाटी उघडते. त्यात लिहिलेलं लगेच पानावर दिसतं, त्यामुळे एकेक आकडा बदलून बघता येतो.

लिहायचं कोणासाठी हे कळायला यादीतल्या कुठल्याही ओळीवर राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' करा. ओळीच्या मजकुराला 'कंटेंट' असं नाव दिलेलं दिसेल, पोटातल्या ओळींच्या गटाला 'चिल्ड्रन'. नावाच्या आधी टिंब आणि नंतर महिरपी कंस, आत तीनच गोष्टी: फॉन्ट-फॅमिली (फॉन्टचं नाव), फॉन्ट-साइझ (आकार), लाइन-हाइट (ओळीची उंची). प्रत्येकाच्या शेवटी, आधी उद्गारचिन्ह देऊन, 'इम्पॉर्टंट' लिहा, नाहीतर ॲपचा स्वतःचा नियम वरचढ ठरतो. वेब ॲपमध्ये ही नावं कधी बदलू शकतात, तेव्हा स्टाइल चालेनाशी झाली तर आधी पुन्हा इन्स्पेक्ट करून नाव बघायचं. तुमच्या यादीचा डेटा याने कुठेही बदलत नाही. फक्त तुमच्या ब्राउझरमधलं दिसणं बदलतं.

सासूबाई दुसऱ्या कॉम्प्युटरवर बघत असतील तर तिथेही हे सगळं एकदा करावं लागेल.

उंबर

रानजाई, एक जपा. 'स्टायलस'च घ्या, 'स्टायलिश' नको. नावं सारखी आहेत. स्टायलिश वापरणाऱ्यांचा ब्राउझिंगचा सगळा इतिहास गोळा करतं हे २०१८ च्या जुलैत उघड झालं आणि तेव्हा मोझिला (फायरफॉक्सवाले) आणि गूगल दोघांनीही ते आपापल्या दुकानातून काढलं होतं. पुढे ते परत आलं. स्टायलस त्याच जुन्या कोडवरून स्वतंत्रपणे उभं राहिलं आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे. औषधांच्या यादीसारखी खाजगी गोष्ट असेल तर हे बघूनच एक्स्टेंशन बसवावं.

घाटमाथा

१.७ मला पटत नाही. माझी यादी ट्रेकच्या सामानाची आणि माणसांची असते. एका नजरेत जितकं जास्त दिसेल तितकं बरं. एवढ्या मोकळ्या ओळी ठेवल्या तर अर्धी यादी स्क्रीनच्या खाली जाते आणि सारखं सरकवत बसावं लागतं. सरकवताना माणूस ओळ चुकतो, हा पण धोकाच की. मी १.४५ वर नोटो सान्स देवनागरी वापरतो आणि मला ओळी एकमेकांत गेलेल्या दिसत नाहीत.

सोऱ्या

घाटमाथा, तुमच्या याद्यांत बहुतेक ओळी एकेका शब्दाच्या असणार: 'दोर', 'शिट्टी', 'हेडटॉर्च'. तिथे दाट चालेल. आमच्या ओळी लांब असतात आणि दुसऱ्या ओळीवर वळतात, तिथे दाट चालत नाही.

पण तुम्ही विषय काढलात म्हणून एक मुद्दा मांडते. अंतरं दोन असतात आणि ती वेगवेगळी ठेवायला हवीत. एक, एकाच बुलेटचा मजकूर वळून खाली आला तर त्या दोन ओळींमधलं. दुसरं, दोन बुलेटमधलं. दुसरं नेहमी पहिल्यापेक्षा मोठं पाहिजे, म्हणजे 'पाव किलो लसूण शेव' ही वरच्या गिऱ्हाइकाच्या ओळीची शेपटी आहे की नवी नोंद आहे, हे न वाचताच कळतं. दोन्ही सारखी असली की बुलेटचा ठिपका शोधत बसावं लागतं. लाइन-हाइट १.६ ठेवा आणि बुलेटच्या खाली सहा-आठ पिक्सेलचं पॅडिंग, म्हणजे मोकळी जागा, द्या. पडद्यावर ओळी फारशा कमी होणार नाहीत आणि वाचायला सुटसुटीत होईल.

तुम्हाला आणखी जागा हवी असेल तर डावीकडचा इंडेंट, म्हणजे पोटातल्या ओळींच्या आधी सुटणारी जागा, कमी करा. तीन-चार पातळ्या आत गेलं की मजकुराचा पट्टा अरुंद होतो आणि ओळी वळायला लागतात, त्यात जास्त जागा जाते.

घाटमाथा

इंडेंट कमी केला. खरंच, लांब ओळी वळायच्या थांबल्या आणि एकूण उंची कमी झाली. १.६ करून बघतो आठवडाभर.

शाईदौत

छान धागा. मी अक्षररचनेचं काम करते, म्हणून फॉन्टबद्दल थोडं लांब लिहिते.

मुक्ता उत्तम आहे, मोठ्या आकाराला आणि लांबून वाचायला तर फारच. पण तुमच्या यादीत ल आणि श कसे दिसतात ते बघितलंत का? मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श. राज्य शासनाच्या नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयातही हीच रूपं वापरायला सांगितली आहेत. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण पुढे येतं ते हिंदी वळण, कारण मराठी वळण केव्हा दाखवायचं हे पानाची भाषा बघून ठरतं. पानावर 'ही भाषा मराठी' अशी खूण असेल तर फॉन्ट आपोआप मराठी रूप देतो. ॲपच्या पानावर भाषा इंग्रजी असते, त्यामुळे तो काटा कधी फिरतच नाही.

यावर दोन वाटा आहेत. फायरफॉक्स वापरत असाल तर सीएसएसमध्ये, म्हणजे स्टायलसमध्ये लिहितो त्या भाषेत, फॉन्ट-लँग्वेज-ओव्हरराइड नावाचा गुणधर्म आहे, त्याला मराठीची तीन अक्षरी खूण, एम-ए-आर, अवतरणात आणि कॅपिटलमध्ये द्या. नोटो सान्स देवनागरीत ल-श लगेच बदललेले दिसतील. दुसरी वाट सोपी: ज्याचं मूळ रूपच मराठी आहे असा फॉन्ट घ्या. टिरो देवनागरी मराठी हा त्यातला माझा सगळ्यात आवडता. टिरो या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन वेगळे फॉन्ट केलेत, मोफत आहेत. जुन्या छापील पुस्तकाच्या वळणाचं अक्षर आहे, जाड-बारीक रेघांचं. शांतपणे बसून वाचायच्या यादीला, म्हणजे वाचलेल्या पुस्तकांची यादी, टिपणं, फार सुंदर दिसतो.

स्वयंपाकघरात फळीवरच्या लॅपटॉपसाठी मात्र तो सुचवणार नाही. त्याच्या बारीक रेघा लांबून दिसत नाहीत, आणि त्याला ठळक वजन नाही. ठळक नसलेल्या फॉन्टला ॲपमध्ये बोल्ड केलं की ब्राउझर स्वतःच अक्षर फुगवून खोटं ठळक बनवतो. देवनागरीला हे फार महागात पडतं. ध आणि घ, भ आणि म, यांच्यातला फरक बघा: ध आणि भ यांच्या डोक्यावरची रेघ तुटलेली असते. खोट्या ठळकपणात ती फट बुजते. मग धणे आणि घणे, भात आणि मात एकसारखे. म्हणून फॉन्ट-सिंथेसिस 'नन' करून ठेवा, म्हणजे खरं ठळक नसेल तर ब्राउझर गप्प बसेल. आणि ठळक हवंच असेल तर मुक्ता किंवा नोटो, ज्यांची ठळक वजनं हाताने काढलेली आहेत.

सोऱ्या

शाईदौत, ध-घचं हे फार मोलाचं सांगितलंत. आमच्या मसाल्यांच्या उपयादीत 'धणे-जिरे पूड' आहे, आत्ता जाऊन वेगवेगळ्या वजनांत बघितलं. मुक्ताच्या सगळ्यात जाड वजनात २० पिक्सेलला ती फट लांबून दिसेनाशी होते. मध्यम वजनात स्पष्ट दिसते. म्हणजे जाड म्हणजे जास्त वाचनीय असं नाही.

आकड्यांचंही तसंच. १ आणि ९ लहान आकारात सारखे वाटतात, आणि आमच्याकडे १ किलो आणि ९ किलो यात केवढा फरक! वजनाचे आकडे म्हणून मी अक्षरातही लिहायला लावते, 'एक किलो', 'नऊ किलो'. कुठलाही फॉन्ट असला तरी शंका उरत नाही.

पाटीपेन्सिल

मी प्राथमिक शाळेत शिकवते. वाचायला अडखळणाऱ्या मुलांसाठी अक्षरांमधलं अंतर वाढवावं असं इंग्रजीच्या संदर्भात वाचलं होतं. माझ्या वर्गाच्या रोजच्या कामांची यादी मी प्रोजेक्टरवर दाखवते. मराठीत अक्षरांमधलं अंतर वाढवलं तर मुलांना सोपं जाईल का?

शाईदौत

नको! अगदी कळकळीने सांगते, देवनागरीत लेटर-स्पेसिंग शून्यच ठेवा.

आपली शिरोरेषा अक्षरांना शब्दात बांधते. लेटर-स्पेसिंग दिलं की ब्राउझर प्रत्येक अक्षरानंतर जागा सोडतो, शिरोरेषेचे तुकडे होतात आणि शब्दाचा आकारच मोडतो. मुलांना सवय असते ती सलग शब्द बघायची. शिवाय वर ध आणि भबद्दल म्हटलं तेच: रेघेतली फट ही अक्षराची ओळख आहे. सगळीकडेच फटी पडल्या तर कुठली फट अक्षराची आणि कुठली अंतराची हे मुलाने कसं ओळखायचं?

वेबच्या सुलभतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, डब्ल्यूसीएजी २.१, जून २०१८ चे, त्यात वाचकाने अंतर वाढवलं तरी पान मोडू नये असा नियम आहे. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट, परिच्छेदांमधलं अंतर दुप्पट, अक्षरांमधलं ०.१२ पट, शब्दांमधलं ०.१६ पट. पण त्याच नियमात सूटही लिहिली आहे: ज्या लिपीत यातला एखादा गुणधर्म वापरलाच जात नाही, तिथे उरलेले पाळले तरी पुरे. माझ्या मते देवनागरीला अक्षरांमधल्या अंतराबाबत ती सूट घेता येते.

तुम्हाला मोकळं हवं असेल तर शब्दांमधलं अंतर वाढवा, वर्ड-स्पेसिंग ०.१६ पासून सुरू करून ०.२५ पर्यंत. ओळींमधलं अंतर वाढवा. ओळ आखूड ठेवा. मुलांना याने शब्द वेगळे दिसतात आणि शब्द मोडत नाही.

पाटीपेन्सिल

कळलं. वर्ड-स्पेसिंग ०.२ ठेवलं आणि एका ओळीत तीन-चार शब्द येतील असं केलं. उद्या वर्गात लावते.

मस्कतकर

माझ्या याद्या अर्ध्या मराठी, अर्ध्या इंग्रजी. ऑफिसची कामं, घरची कामं, मुलांच्या शाळेचं, सगळं एकत्र. एकाच ओळीत दोन्ही लिप्या येतात. त्यात इंग्रजी शब्द मोठे आणि मराठी बारके दिसतात. आकार वाढवला की इंग्रजी अंगावर येतं. यावर काही आहे का?

उंबर

मस्कतकर, हो. बऱ्याच फॉन्टमध्ये एकाच आकाराला देवनागरीचं मुख्य अंग रोमनपेक्षा लहान असतं, कारण वरच्या-खालच्या मात्रांना जागा सोडावी लागते.

आधी साधा उपाय करा. एकाच कुटुंबातला फॉन्ट लावा, ज्यात दोन्ही लिप्या एकमेकांना जुळवून काढल्यात. मुक्तात रोमन आहे आणि ते देवनागरीच्या बरोबरीने बेतलेलं आहे. तेवढ्यावर बहुतेकांचं भागतं.

दोन वेगळे फॉन्ट हवे असतील तर फॉन्ट-फॅमिलीत रोमन फॉन्ट आधी आणि देवनागरी नंतर लिहा. ब्राउझर अक्षराअक्षराला बघतो, पहिल्या फॉन्टमध्ये क नाही म्हटल्यावर दुसऱ्याकडे जातो. विरामचिन्हं मात्र पहिल्यातली येतात, स्वल्पविराम आणि कंस रोमन वळणाचे दिसतात, त्याने कुणाचं काही अडत नाही. आणि आकाराचा मेळ घालायचा असेल तर स्टाइलमध्ये फॉन्टची स्वतःची व्याख्या लिहा, त्यात साइझ-ॲडजस्ट ११० किंवा ११५ टक्के द्या आणि युनिकोड-रेंजमध्ये (युनिकोड म्हणजे कॉम्प्युटरवरच्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांची क्रमांकांसह यादी) देवनागरीचा पट्टा, ०९०० ते ०९७एफ. फक्त मराठी अक्षरं वाढतात, इंग्रजी तिथेच राहतं. मी ११२ वर थांबलोय.

आता माझा स्वतःचा विषय, रंग. मला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. सामायिक याद्यांमध्ये लोक तातडीचं लाल आणि झालेलं हिरवं करतात, आणि माझ्यासाठी दोन्ही एकाच मातकट रंगाचे. माझी सगळ्यांना विनंती आहे: रंग हवा तो द्या, पण रंगाबरोबर एक शब्दही द्या. ओळीच्या सुरुवातीला 'आज' किंवा 'थांबा' लिहिलं की पुरे. लाल-हिरव्याऐवजी निळा-नारिंगी घेतलंत तर आमच्यासारख्या बहुतेकांना दिसतं.

सोऱ्याताईंचा #७६७६७६ करडा बरोबर निवडलेला आहे. पांढऱ्यावर त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक, ४.५४ येतो; सुलभतेच्या त्याच निकषांत तो किमान ४.५ लागतो. पण पार्श्वभूमी थोडी जरी पिवळसर, कागदी केली तर तोच करडा साडेचारच्या खाली घसरतो. कागदी रंग आवडणाऱ्यांनी करडा गडद करावा, #५९५९५९. पांढऱ्यावर हा सातपर्यंत जातो, म्हणजे कागदी रंगावरही भरपूर उरतो. रानजाई, तुमच्या सासूबाईंसाठी टिपांनासुद्धा हाच द्या. मोतीबिंदूत कॉन्ट्रास्ट आधी जातो, नुसता आकार वाढवून भागत नाही.

रानजाई

उंबरदादा, सोऱ्याताई, झालं! नेट लावून केलं सगळं. टिपा गडद करड्या केल्या, मुक्ता २४ पिक्सेल. सासूबाईंनी गोळ्यांची नावं न अडखळता वाचली आणि म्हणाल्या, "हे आधीच असं का नव्हतं?"

एक विचारायचंय. त्या त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर बघतात, तिथे मी आधीपासूनचा एक जुना मराठी फॉन्ट लावून बघितला. बाकी सगळं ठीक, पण 'ॲसिडिटी'मधला पहिला ॲ वेगळाच दिसतो, जास्त जाड आणि खाली सरकलेला. असं का?

शाईदौत

फॉन्ट जुना म्हणून. ॲ हे अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये २००८ साली आलं, ५.१ आवृत्तीत. त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नाही. ब्राउझर तेवढं एक अक्षर दुसऱ्या फॉन्टमधून उसनं आणतो. त्या लॅपटॉपवरही मुक्ता किंवा नोटो बसवा.

मराठीसाठी कुठलाही फॉन्ट घेण्याआधी मी एक ओळ टाइप करून बघते: 'ॲड. ऱ्हस्व, दुसऱ्या, कर्तृत्व, हृदय, शुद्धी, वाङ्मय, सर्वांगीण'. दुसऱ्यामधला अर्धा ऱ्य नीट यायला हवा, तिथे रफार आला तर तो फॉन्ट मराठीचा विचार करून केलेला नाही. ङ्म तुटायला नको. आणि सर्वांगीणमधला रफार आणि अनुस्वार एकमेकांवर चढायला नकोत.

निवांत

आमच्या घरी सगळं टॅबवर आणि फोनवर चालतं. तिथे काय?

उंबर

ॲप म्हणून बसवलेलं असेल तर त्याचं आतलं दिसणं स्टायलसने बदलत नाही. ॲपच्या सेटिंगमध्ये असेल तेवढंच. पण अँड्रॉइडवर फायरफॉक्स बसवा, त्यात स्टायलस चालतं, आणि यादी वेबवर उघडा. फोनवर फॉन्ट बसवायची भानगड नको असेल तर फॉन्टला हात लावू नका. बहुतेक अँड्रॉइडवर देवनागरीसाठी नोटोच असतो आणि तो चांगला आहे. फक्त लाइन-हाइट आणि रंग बदला.

आणि कॉम्प्युटरवर ज्यांना कोड अजिबात नको, त्यांच्यासाठी फायरफॉक्समध्येच सोय आहे. सेटिंग्जमध्ये फॉन्टच्या खाली 'ॲडव्हान्स्ड' उघडा, वर लिपी निवडायची जागा आहे तिथे देवनागरी निवडा, आणि हवा तो फॉन्ट द्या. ॲपच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसली की फायरफॉक्स तुमचा हाच उचलतो. तिथेच खाली साइटींना त्यांचे फॉन्ट वापरू देण्याची खूण आहे, ती काढू नका, काही साइटींवर चिन्हांच्या जागी चौकोन दिसायला लागतात. आकारासाठी कंट्रोल आणि अधिक, ब्राउझर प्रत्येक साइटसाठी तो वेगळा लक्षात ठेवतो.

घाटमाथा

१.६ वर स्थिरावलो. परत दाट करणार नाही. रात्री तंबूत गडद थीम वापरतो, तिथे पांढरी अक्षरं डोळ्यांवर येतात. काय करावं?

शाईदौत

पूर्ण काळं-पांढरं नको. पार्श्वभूमी #१२१२१२ सारखी जवळजवळ काळी आणि अक्षर फिकट करडं. गडद पार्श्वभूमीवर उजळ अक्षर आहे त्याहून जाड वाटतं, त्यामुळे मुक्ताचं वजन एक पायरी खाली आणा. नाहीतर परत ध-घ.

सोऱ्या

शेवटचं एक विचारते, कुणाला माहीत असेल तर. पॅकिंगच्या दिवशी मी यादी छापून भिंतीवर लावते. स्क्रीनवर तातडीच्या ऑर्डरींच्या मागे फिकट नारिंगी पट्टा आहे, तो कागदावर येतच नाही.

उंबर

ब्राउझर शाई वाचवायला पार्श्वभूमीचे रंग छापत नाही. प्रिंटच्या खिडकीत 'बॅकग्राउंड ग्राफिक्स' किंवा 'बॅकग्राउंड' अशी खूण असते, ती लावा. पण प्रिंटर काळा-पांढरा असेल तर नारिंगीचा करडा होऊन अक्षर मळकट दिसेल. त्यापेक्षा स्टायलसमध्ये फक्त छपाईसाठीचा भाग वेगळा लिहा: मागचा पट्टा काढा, त्याऐवजी डाव्या बाजूला चार पिक्सेलची काळी उभी रेघ, अक्षर १४ पॉइंट, लाइन-हाइट १.६. रेघ ही बॉर्डर असल्यामुळे ती खूण न लावताही छापली जाते. आणि झालेल्या ओळींचा करडा कागदावर काळाच ठेवा, पुढे रिकामा चौकोन द्या, म्हणजे पॅकिंग करणारीला पेनने खूण करता येईल.

सोऱ्या

उभी रेघ लावून आत्ता एक पान छापलं. फळीपासून ओट्यापर्यंतच्या अंतरावरून दोन्ही तातडीच्या ऑर्डरी दिसतायत. चौकोन मात्र आमच्या पानावर बुलेटच्या ठिपक्याला चिकटतोय, डावीकडे थोडं पॅडिंग वाढवून उद्या परत छापते आणि नक्की आकडा इथे लिहिते.